विश्लेषण : मेंदूतील रक्तवाहिनीचा ‘फुगा’ जाळीने कसा बंद होतो? ‘फ्लो डायव्हर्टर’ कुणासाठी, धोका आणि खर्च किती?

शेतातून घरी आलेल्या माणसाचे डोके एकाएकी फुटेल असे दुखू लागले आणि दोन उलट्या झाल्या, तर चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावात पहिला अंदाज पित्ताचा असतो आणि दुसरा उन्हाचा. बहुतेक वेळा तो बरोबरही निघतो. मात्र मोजक्या रुग्णांत मेंदूच्या रक्तवाहिनीवर आलेला फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, फुटलेला असतो. अशा वेळी गेलेला प्रत्येक तास महाग पडतो. दुसरीकडे सीटी स्कॅन आणि एमआरआय तपासण्या वाढल्याने न फुटलेले फुगेही अनेकांत योगायोगाने सापडू लागले आहेत. त्यांच्यावर कवटी न उघडता, मांडीतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक जाळी नेऊन बसवण्याचा उपचार आता देशातील मोठ्या शहरांत होतो. या जाळीला ‘फ्लो डायव्हर्टर’ म्हणतात. ती काम कशी करते, तिची गरज कुणाला असते, नंतर काय सांभाळावे लागते आणि वऱ्हाडातल्या रुग्णाने कुठे जायचे, याचा हा आढावा.

अ‍ॅन्युरिझम म्हणजे नेमके काय?

सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरताना एखाद्या कमजोर जागी फुगवटा येतो, तसाच हा प्रकार. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीची भिंत एका जागी कमकुवत होते आणि रक्ताच्या दाबाने तिथे फुगा तयार होतो. धमनीला फाटे फुटतात त्या ठिकाणी रक्ताचा मारा जास्त बसतो. त्यामुळे बहुतेक फुगे अशा फाट्यांवर किंवा वळणांवर आढळतात.

काही फुग्यांचे तोंड अरुंद असते, काहींचे रुंद. वरवर किरकोळ वाटणारा हा फरक उपचार ठरवताना फार महत्त्वाचा असतो. आकार दोन-तीन मिलिमीटरपासून पंचवीस मिलिमीटरपेक्षाही मोठा असू शकतो. पंचवीसच्या वरच्या फुग्यांना डॉक्टर ‘जायंट’ म्हणतात.

अ‍ॅन्युरिझम म्हणजे कर्करोगाची गाठ नव्हे. तो एका जागेहून दुसरीकडे पसरत नाही. बहुतेक वेळा तो काही त्रासही देत नाही आणि माणसाला त्याचा पत्ता आयुष्यभर लागत नाही.

हा आजार किती जणांना असतो?

जगभरातील अभ्यासांचा सरासरी अंदाज सुमारे ३ टक्के प्रौढांचा आहे. म्हणजे शंभर जणांची पंगत बसली असेल, तर त्यातील साधारण तिघांच्या मेंदूत लहानमोठा फुगा असू शकतो. त्यांतील बहुतेकांचा फुगा कधीच फुटत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, विशेषतः पन्नाशीनंतर, हे प्रमाण जास्त आहे.

उच्च रक्तदाब आणि बिडी-सिगारेट हे सर्वांत मोठे टाळता येण्यासारखे धोके आहेत. आई-वडील, भावंडे किंवा मुले यांच्यापैकी दोन किंवा अधिक जणांना अ‍ॅन्युरिझम झाला असेल, तर धोका वाढतो. मूत्रपिंडात असंख्य पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी, असलेल्यांनाही तो अधिक असतो. विदर्भात घरोघरी पोहोचलेल्या खर्ऱ्यातही निकोटिन असते आणि निकोटिन रक्तदाब चढवते, हे ध्यानात ठेवायला हवे.

अभिनेता सलमान खान याने जून २०२५ मध्ये कपिल शर्माच्या नेटफ्लिक्सवरील कार्यक्रमात आपल्याला मेंदूतील अ‍ॅन्युरिझम असल्याचे सांगितले. त्यानंतर हा शब्द मराठी घरांतही पोहोचला. त्याच्या दाखल्यातून एक गोष्ट कळते. अ‍ॅन्युरिझम असूनही माणूस कामधंदा करत राहू शकतो. प्रत्येक फुग्यावर लगेच शस्त्रक्रिया लागतेच असे नाही.

फुगा फुटण्याची शक्यता किती?

ती आकार आणि जागा यांवर ठरते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, आधी कधीही रक्तस्राव न झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यात आले. मेंदूच्या पुढच्या भागातील रक्तवाहिन्यांवर ७ मिलिमीटरपेक्षा लहान फुगा असलेल्यांपैकी पाच वर्षांत जवळपास कुणाचाच फुगा फुटला नाही. ७ ते १२ मिलिमीटरच्या गटात हे प्रमाण २.६ टक्के, १३ ते २४ मिलिमीटरच्या गटात १४.५ टक्के आणि त्याहून मोठ्या फुग्यांत ४० टक्के होते. मागच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवरील फुगे प्रत्येक आकारात अधिक धोकादायक निघाले.

याचा अर्थ लहान फुगा कधीच फुटत नाही, असा नाही. रक्तस्राव होऊन रुग्णालयात येणाऱ्यांमध्ये लहान फुग्याचे रुग्णही असतात. म्हणूनच डॉक्टर आकारासोबत वय, रक्तदाब, फुग्याची जागा, त्याचा वेडावाकडा आकार, धूम्रपान आणि घरातील इतिहास पाहतात. सहा महिन्यांपूर्वीच्या स्कॅनच्या तुलनेत फुगा वाढलेला दिसला, तर निर्णय बदलतो.

फुटला हे कसे ओळखायचे?

मुख्य खूण म्हणजे एकाएकी उठलेली डोकेदुखी. साधी डोकेदुखी हळूहळू वाढते. फुगा फुटल्यावरची डोकेदुखी मात्र काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात शिगेला पोहोचते. ‘आयुष्यात असे डोके कधी दुखले नव्हते’, असे रुग्ण सांगतो. त्यासोबत उलटी, मान आखडणे, उजेड सहन न होणे, झटका येणे किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे असू शकतात. काही जण थोडा वेळ बेशुद्ध होऊन परत शुद्धीवर येतात आणि घरचे ‘चक्कर आली होती’ म्हणून निर्धास्त होतात. इथेच घात होतो.

फुगा फुटण्याआधीही कधीकधी इशारा मिळतो. एका डोळ्याची पापणी अचानक खाली येणे, त्या डोळ्याची बाहुली मोठी दिसणे किंवा एकाचे दोन दिसू लागणे ही फुगा डोळ्याच्या मज्जातंतूवर दाबत असल्याची खूण असू शकते. असे झाले तर चष्म्याच्या दुकानात न जाता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

फुग्यातून मेंदूभोवतीच्या आवरणात रक्त पसरते. त्याला ‘सबअ‍ॅरॅक्नॉइड रक्तस्राव’ म्हणतात. यात एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक रुग्ण दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते. पहिल्या २४ तासांत पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका सर्वाधिक असतो. दुसरा रक्तस्राव पहिल्यापेक्षा जास्त घातक ठरतो.

चांदूर रेल्वेहून कुठे जायचे?

पहिली गरज सीटी स्कॅनची असते. डोकेदुखी सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत चांगल्या यंत्रावर स्कॅन झाले, तर असा रक्तस्राव सहसा सुटत नाही. उशीर होत गेला की रक्त पातळ होत जाते आणि स्कॅनमध्ये दिसणे कठीण होते. मग पाठीतून पाणी काढून तपासावे लागते.

तालुका पातळीवरील ग्रामीण रुग्णालयात सीटी स्कॅनची सोय सहसा नसते. तिथे रक्तदाब पाहणे, श्वास सांभाळणे आणि रुग्णाला पुढे पाठवणे हे काम होते आणि तेही महत्त्वाचे असते. चांदूर रेल्वेहून अमरावती सुमारे ३० किलोमीटरवर आहे. जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘इर्विन’, आणि ‘सुपर स्पेशालिटी’ म्हणून ओळखले जाणारे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय तिथे आहे. धामणगाव रेल्वेच्या बाजूच्या गावांना वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आणि सावंगी मेघे येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयेही आवाक्यात आहेत.

रक्तवाहिनीच्या आतून उपचार करणारे न्यूरो-इंटरव्हेन्शन तज्ज्ञ आणि त्यासाठी लागणारी कॅथलॅब मात्र मोठ्या शहरांत एकवटली आहे. या भागासाठी ते शहर म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटरवरचे नागपूर. चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. त्यामुळे रात्री-अपरात्री नागपूर गाठणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

तरीही आधी जवळच्या ठिकाणी सीटी स्कॅन आणि रक्तदाबावर नियंत्रण, मग पुढचा प्रवास, हा क्रम बहुतेक वेळा योग्य ठरतो. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतात, म्हणून खासगी गाडीत रुग्णाला आडवे टाकून नेण्यापेक्षा ती बरी. वाटेत अ‍ॅस्पिरिन किंवा दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी देऊ नये. अ‍ॅस्पिरिनमुळे रक्त गोठण्यात अडथळा येतो. बेशुद्ध किंवा गुंगीतल्या रुग्णाला पाणी, चहा पाजू नये.

आतापर्यंत उपचार कसे होत आले?

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये कवटी उघडून फुग्याच्या तोंडाला चांदीची क्लिप लावली. फुगा मुळापासून चिमटीत धरून बंद करायचा, ही त्यामागची कल्पना. आज क्लिपा टायटॅनियमच्या असतात आणि शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली होते. अनेक फुग्यांसाठी हा उपचार आजही उत्तम आहे.

दुसरा टप्पा कॉइलचा. गुइडो गुग्लिएल्मी यांनी लॉस एंजेलिस येथे विकसित केलेल्या प्लॅटिनमच्या मऊ तारेचा माणसावर पहिला वापर १९९० मध्ये झाला. कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, धमनीतून फुग्यापर्यंत नेऊन त्यात ही तार गुंडाळत भरतात. आत तार भरली की रक्त गोठते आणि फुगा बंद होतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसॅट’ या अभ्यासात फुटलेल्या फुग्याच्या २,१४३ रुग्णांची तुलना झाली. वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांचे प्रमाण कॉइलच्या गटात २३.७ टक्के आणि क्लिपच्या गटात ३०.६ टक्के होते. त्यानंतर जगभर कॉइलचा वापर वाढला.

कॉइलची अडचण रुंद तोंडाच्या आणि मोठ्या फुग्यांत येते. अशा फुग्यात भरलेली तार बाहेर घसरते किंवा काळाच्या ओघात आत दबून बसते आणि फुगा पुन्हा उघडतो. कॉइल केलेल्या साधारण पाचांपैकी एका फुग्यात असे काही प्रमाणात घडते. ज्या फुग्याला नीट ‘मान’च नाही, त्याला क्लिप लावणेही अवघड. याच रुग्णांसाठी फ्लो डायव्हर्टरचा जन्म झाला.

फ्लो डायव्हर्टर काम कसे करतो?

क्लिप आणि कॉइल थेट फुग्यावर काम करतात. फ्लो डायव्हर्टर मात्र फुग्यात शिरतच नाही. तो मूळ धमनीत, फुग्याच्या तोंडासमोर बसतो.

शेताच्या पाटाचे उदाहरण घेता येईल. पाटाची एक कड खचून बाजूला खळगा पडला, तर वाहते पाणी त्या खळग्यात घुसून भोवरा करते आणि कड आणखी खात जाते. खळग्याच्या तोंडावर दाट जाळी लावली, तर मुख्य धार पाटाने सरळ जाते. खळग्यातले पाणी संथ होते, तिथे गाळ बसतो आणि हळूहळू खळगा भरून येतो. मेंदूच्या धमनीत गाळाऐवजी रक्ताची गुठळी तयार होते. पुढच्या काही महिन्यांत जाळीवर धमनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढतात आणि फुग्याचे तोंड कायमचे झाकले जाते. मग आतली गुठळी शरीर हळूहळू शोषून घेते आणि मोठा फुगा आकसतो. फुगा डोळ्याच्या मज्जातंतूवर दाबत असेल, तर तो दाबही कमी होऊ शकतो.

हृदयात बसवतात त्या स्टेंटपेक्षा ही जाळी वेगळी आहे. हृदयाचा स्टेंट अरुंद झालेली धमनी आतून उघडी धरतो आणि त्याची छिद्रे मोठी असतात. फ्लो डायव्हर्टर पायजम्याच्या नाडीसारखा गोल विणलेला असतो. ‘पाइपलाइन’ या सर्वांत जुन्या उपकरणांपैकी एकात कोबाल्ट-क्रोमियम आणि प्लॅटिनमच्या ४८ तारा असतात. प्रत्येक तार माणसाच्या केसापेक्षा बारीक असते. धमनीच्या भिंतीचा साधारण ३० ते ३५ टक्के भाग धातूने झाकला जाईल, इतकी ही वीण दाट असते.

मग त्याच धमनीतून निघणारे बारीक फाटे बंद का पडत नाहीत? कारण फाट्याच्या पलीकडे मेंदूचा जिवंत भाग असतो आणि तो सतत रक्त ओढत असतो. त्या ओढीमुळे जाळीच्या छिद्रांतून रक्त वाहत राहते. फुग्याला पलीकडे वाटच नसल्याने तिथले रक्त थबकते. सर्व फाटे नेहमी शाबूत राहतीलच असे मात्र नाही, म्हणून जागा निवडताना काळजी घ्यावी लागते.

प्रत्यक्ष प्रक्रिया कशी होते?

आधी डीएसए, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सविस्तर चित्र घेणारी अँजिओग्राफी, होते. तिच्यावरून धमनीची रुंदी मोजून जाळीचे माप ठरवले जाते. प्रक्रियेच्या काही दिवस आधीपासून रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या सुरू होतात.

त्या दिवशी बहुधा पूर्ण भूल देतात. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून नळी मानेपर्यंत आणि तिच्यातून आणखी बारीक नळी फुग्याच्या पलीकडे नेली जाते. दाबलेल्या स्थितीत नेलेली जाळी नळी मागे घेत हळूहळू उघडली जाते आणि ती धमनीच्या भिंतीला चिकटून बसते. मोठ्या फुग्यात काही डॉक्टर सोबत थोडी कॉइलही भरतात. डोक्यावर टाके नसतात. सर्व सुरळीत झाले तर रुग्ण काही दिवसांत घरी जातो.

फुगा मात्र त्याच दिवशी बंद होत नाही, आणि घरच्यांना ही गोष्ट अनेकदा नीट सांगितलेली नसते. जाळी बसवली तरी फुगा पूर्ण बंद व्हायला महिने लागतात. म्हणून साधारण सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने तपासणी करून तो बंद झाला का, हे पाहतात.

यश किती, धोका किती?

‘पाइपलाइन’चा माणसावरील पहिला वापर २००६ मध्ये अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स येथे झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०११ मध्ये त्याला मान्यता दिली. ती ज्या अभ्यासावर आधारली होती, त्यात १०८ रुग्ण होते. त्यांचे फुगे मोठे, रुंद तोंडाचे आणि इतर उपायांनी हाताळायला कठीण होते. सहा महिन्यांनी सुमारे ७४ टक्के फुगे पूर्ण बंद झाले. वर्षाने हे प्रमाण सुमारे ८७ टक्के, तीन वर्षांनी ९३ टक्के आणि पाच वर्षांनी, तपासणी झालेल्यांत, ९५ टक्के झाले. एकदा बंद झालेला फुगा पुन्हा उघडणे फारच क्वचित घडते. कॉइलच्या तुलनेत या उपचाराचे खरे बळ इथे आहे.

त्याच अभ्यासात ५.६ टक्के रुग्णांना मोठा पक्षाघात किंवा मेंदूशी संबंधित मृत्यू यांना सामोरे जावे लागले. म्हणजे साधारण अठरा रुग्णांमागे एक. नंतर लहान आणि मध्यम फुग्यांवर झालेल्या १४१ रुग्णांच्या अभ्यासात गंभीर इजा किंवा मृत्यूचे प्रमाण २.१ टक्के होते. तेव्हापासून जाळ्या सुधारल्या, डॉक्टरांचा हात बसला. तरी धोका शून्यावर आलेला नाही.

हे धोके मुख्यतः तीन. जाळीवर गुठळी होऊन पक्षाघात होणे, गोळ्यांमुळे मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होणे आणि फुगा बंद होण्याआधीच फुटणे. म्हणूनच, पाच वर्षांत जवळपास न फुटणाऱ्या गटातला तीन मिलिमीटरचा फुगा असेल, तर केवळ भीतीपोटी जाळी बसवणे हा तोट्याचा सौदा ठरू शकतो. अशा वेळी रक्तदाब आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे आणि ठरावीक काळाने स्कॅन करणे हाच उपचार असतो.

फुटलेल्या फुग्यातही फ्लो डायव्हर्टर सहसा पहिली पसंती नसतो. तिथे फुगा ताबडतोब बंद व्हायला हवा आणि रक्तस्राव झालेला असताना रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या देणे जोखमीचे असते. त्यामुळे अशा रुग्णांत क्लिप किंवा कॉइलच वापरतात. ज्यांना दुसरा मार्गच नाही, असे मोजके रुग्ण याला अपवाद.

गोळ्या इतक्या महत्त्वाच्या का?

जाळी म्हणजे रक्तात ठेवलेला परका धातू. तिच्यावर अस्तर वाढेपर्यंत रक्त तिथे गोठू पाहते. ते रोखण्यासाठी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम दुसरी गोळी, अशी जोडी बहुधा तीन ते सहा महिने द्यावी लागते. त्यानंतर अ‍ॅस्पिरिन दीर्घकाळ चालू राहते. मधेच गोळी बंद केली, तर जाळी तुंबून पक्षाघात होऊ शकतो. लाखो रुपये आणि निष्णात डॉक्टरांचे कौशल्य एका चुकलेल्या आठवड्यात वाया जाऊ शकते.

नागपूर किंवा पुण्याहून उपचार घेऊन गावी परतलेल्या रुग्णाची खरी परीक्षा इथे सुरू होते. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी सोडली जाते. दात काढायचा म्हणून कुणीतरी ‘चार दिवस बंद ठेवा’ असे सांगतो. उपवास आहे, गाव लांब आहे, मेडिकल बंद आहे, अशी कारणे निघतात. जाळी बसवलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी एक दिवसही थांबवू नये. दाताचा डॉक्टर असो, गावचा डॉक्टर असो की शस्त्रक्रियेसाठी तारीख देणारा दुसरा तज्ज्ञ, प्रत्येकाला ‘मेंदूत जाळी आहे’ हे आधी सांगावे. तसे लिहिलेले कार्ड खिशात आणि फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

पित्ताच्या गोळीचाही प्रश्न आहे. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या गोळ्यांमुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्येच दिला आहे. पोटाच्या संरक्षणासाठी गोळी लागतेच, पण कोणती, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकमुळे पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. डेंग्यूत प्लेटलेट्स घसरल्या तर गोळ्यांचे काय करायचे, हा निर्णयही घरच्या घरी घेण्याचा नाही. काळी शौच, न थांबणारा घोळणा फुटणे, अंगावर निळे डाग दिसणे या खुणा असतील, तर लगेच संपर्क साधावा.

क्लोपिडोग्रेल सर्वांना सारखी लागू पडत नाही. शरीरात ती कार्यक्षम होण्यासाठी लागणारे विकर काही जणांत जन्मतः कमजोर असते आणि दक्षिण आशियाई लोकांत असे अनेक असतात. म्हणून बरेच डॉक्टर प्रक्रियेआधी रक्ताची चाचणी करून गरज पडल्यास गोळी बदलतात.

खर्चाचे काय?

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार, आयात केलेल्या एका फ्लो डायव्हर्टरची किंमत सात ते आठ लाख रुपये होती. रुग्णालय, भूल, अँजिओग्राफी आणि तपासण्यांचा खर्च वेगळा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे आहे. म्हणजे केवळ जाळीची ती किंमत धरली तरी योजनेची मर्यादा ओलांडली जाते. अमरावती जिल्ह्याचा या योजनेशी संबंध जुना आहे. २०१२ मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने ती राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता.

योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. मात्र नेमकी कोणती प्रक्रिया, कोणते उपकरण आणि कोणते रुग्णालय बसते, हे प्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून समजून घ्यावे. १५५३८८ या क्रमांकावरही विचारता येते. उरलेल्या रकमेसाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. न फुटलेल्या फुग्यात सहसा काही आठवडे हाताशी असतात. तेवढ्या वेळात कागदपत्रे जमवता येतात आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मतही घेता येते. शेत गहाण ठेवण्याआधी क्लिप हा पर्याय आपल्याला चालतो का, हे विचारायलाच हवे. अनेक फुग्यांत तो तितकाच टिकाऊ असतो आणि त्यात महागडी जाळी लागत नाही.

भारतीय बनावटीची जाळी येणार का?

तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने निटिनॉल या धातूपासून फ्लो डायव्हर्टर आणि तो बसवण्याची यंत्रणा विकसित केली. निटिनॉल वाकवला तरी आपल्या मूळ आकारात परत येतो. संस्थेच्या खास विणीमुळे १८० अंशांत वाकवली तरी या जाळीचा मार्ग बंद होत नाही, असे सांगण्यात आले. क्ष-किरणांत दिसावी म्हणून काही तारांची वेगळी रचना केलेली आहे. २०२० मध्ये या तंत्रज्ञानाच्या हस्तांतरणाचा करार पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस या कंपनीशी झाला. त्यासोबत हृदयाच्या पडद्यातील छिद्र बुजवणाऱ्या उपकरणाचाही करार झाला.

अशा उपकरणाला प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत येताना आधी प्राण्यांवरील, मग माणसांवरील चाचण्या आणि शेवटी औषध नियंत्रकांची परवानगी असे टप्पे पार करावे लागतात. त्याला वर्षे लागतात आणि ती लागायलाच हवीत. याच संस्थेची कृत्रिम हृदयझडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. त्यानंतर परदेशी झडपेला स्वस्त पर्याय मिळाला. मेंदूच्या जाळीबाबत तसे घडले, तर पाच लाखांच्या मर्यादेत उपचार बसण्याची शक्यता वाढेल.

फुगा सापडला तर डॉक्टरांना काय विचारावे?

फुगा किती मिलिमीटरचा आहे आणि कोणत्या रक्तवाहिनीवर आहे? पुढच्या पाच वर्षांत तो फुटण्याचा आणि उपचारात इजा होण्याचा धोका माझ्या बाबतीत किती? क्लिप, कॉइल आणि जाळी यांपैकी मला कोणता पर्याय चालतो आणि का? काहीच न करता लक्ष ठेवले तर? या रुग्णालयात अशा किती प्रक्रिया झाल्या आहेत? गोळ्या किती महिने घ्यायच्या आणि गावाकडे अडचण आली तर फोन कुणाला करायचा? हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि सोबत घरातील एका जाणत्या माणसाला न्यावे. शक्यतो मेंदू शल्यचिकित्सक आणि न्यूरो-इंटरव्हेन्शन तज्ज्ञ या दोघांचेही मत घ्यावे, कारण प्रत्येकाचा कल आपल्या हातातील साधनाकडे असू शकतो.

डोके दुखते म्हणून प्रत्येकाने एमआरआय काढत सुटण्याची गरज नाही. घरात दोघांना अ‍ॅन्युरिझम झाला असेल किंवा पॉलिसिस्टिक किडनी असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी करावी. बाकीच्यांसाठी गावातल्या उपकेंद्रात महिन्यातून एकदा रक्तदाब मोजून घेणे आणि बिडी सोडणे हे जवळपास बिनखर्चाचे उपाय सर्वाधिक कामाचे आहेत. आणि डोके अचानक, क्षणात, पूर्वी कधीच दुखले नव्हते असे दुखले, तर पित्ताची गोळी बाजूला ठेवून आधी १०८ फिरवावा.